संसारातच काहीतरी उलगडलं, पण घरचे म्हणतात मी दूर गेले

मोगरा_घोडबंदर

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ठाण्यात कासारवडवलीला राहते, नोकरी महापेला. घरी नवरा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, आता त्या कॉटवरच असतात. दिवसा त्यांच्याजवळ बाई असते, सकाळ-संध्याकाळ मी. देवघर आहे, चतुर्थी-एकादशी होते, पण मी कुणाचा अनुग्रह घेतलेला नाही, शिबिर केलेलं नाही, पोथीही कधी नेमाने वाचलेली नाही.

दोनेक वर्षांपूर्वी संध्याकाळी घरी येताना बस मानपाड्याला अडकली होती. पाऊस, मेट्रोचं काम, नेहमीचंच. माझं मनातल्या मनात जावेशी भांडण चाललं होतं. ती काय बोलेल, मी काय उत्तर देईन, दोन्हीकडून मीच बोलत होते. एकदम लक्षात आलं की हे बोलणं आपोआप चाललंय, मी फक्त ऐकतेय. लक्षात आल्याबरोबर ते थांबलं. पुढचं नीट सांगता येत नाही. बस तीच, माणसं तीच, पण सतत आतून कुरकुरणारं जे कोणी असतं, ते नव्हतं. आनंदाच्या उकळ्या वगैरे फुटल्या नाहीत. कशाचीच उणीव वाटत नव्हती, एवढंच. स्टॉप आला, उतरले, घरी जाऊन कुकर लावला, तेव्हाही ते होतं. रात्री कधीतरी गेलं.

नंतर ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. बोलावून येत नाही. मटार सोलताना, सासूबाईंचं अंग पुसताना, कधी ऑफिसात कुणी ओरडत असताना. हळूहळू स्वभावात फरक पडला. राग येतो पण टिकत नाही. सासूबाई तोच प्रश्न परत परत विचारतात. पूर्वी मी दातओठ खायचे, आता प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देता येतं.

आता अडचण. भिशीला जावंसं वाटत नाही. साड्या, सोनं, कोण कुठे फिरून आलं, यातला रस गेला. नवरा म्हणतो, तुला काहीही सांगितलं तरी तू नुसतं 'बरं' म्हणतेस. मुलगी परवा म्हणाली, "आई, तू घरात असतेस पण इथे नसतेस." ते फार लागलं.

तर मला विचारायचंय की ही जाग म्हणायची की मन थकून सुन्न झालंय? दोन्हीतला फरक आपला आपल्याला कसा ओळखता येतो? आणि संसारात राहून असा अनुभव आलेलं इथे कोणी असेल तर पुढे काय केलंत?

रबाळे_लोकल

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शांती लाभलेली पहिली व्यक्ती म्हणून तुमचा तलावपाळीवर जाहीर सत्कार व्हायला हवा ताई :) गंमत बाजूला, फार प्रामाणिक लिहिलंय. जाणकार येतीलच, वाचतोय.

अनघड

+१. वाचनखूण साठवली आहे.

ओवीबद्ध

मोगराताई, अनुभव खरा आहे. त्याबद्दल शंका घेऊ नका. पण अनुभव येणं आणि तो पचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पचवायला गुरू लागतो. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या घरात तीन पिढ्यांचा अनुग्रह आहे.

नामदेवरायांची गोष्ट आठवा. प्रत्यक्ष पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो म्हणतात, ते नामदेव संतांच्या मेळ्यात बसलेले. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना सांगितलं, तुम्ही मडकी पारखता, ही पण पारखा. काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. देव भेटल्यावरसुद्धा त्यांना गुरूची गरज पडली, तिथे आपण कोण?

तुम्हाला घरच्यांपासून तुटल्यासारखं होतंय ते वाट दाखवणारं कोणी नाही म्हणून. योग्य ठिकाणी जाऊन नाम घ्या, सगळं जागेवर येईल.

चार्वाक_ठाणेकर

मी नास्तिक आहे, तरीही ताईंचा अनुभव मला खोटा वाटत नाही, हे आधी सांगतो.

मन रिकामं असताना मेंदूचे काही भाग एकत्र काम करत असतात, त्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली. मागचं उगाळणं, पुढचं रचणं, स्वतःबद्दलची गोष्ट स्वतःलाच सांगत बसणं, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. बसमधलं जावेशी भांडण हे त्याचं अगदी चपखल उदाहरण. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या जडसन ब्रूअर यांच्या गटाने दाखवलं की अनुभवी ध्यान करणाऱ्यांमध्ये या जाळ्यातल्या मुख्य भागांची हालचाल कमी असते. 'मी' ही एक चालू असलेली प्रक्रिया असेल तर ती थोडा वेळ मंदावू शकते, आणि ते सुखाचं वाटू शकतं. त्यासाठी कुणाच्या पायावर डोकं ठेवायची गरज नाही.

ओवीबद्ध, 'गुरूकडे गेलात की सगळं जागेवर येईल' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. त्यांच्या घरी एक आजारी माणूस आहे, नोकरी आहे. तिथे आणखी एका माणसाच्या आज्ञा कशाला?

ओवीबद्ध

@चार्वाक_ठाणेकर, मेंदूत काय घडतं ते तुम्ही सांगितलंत. ज्याला ते कळलं तो कोण, हे राहिलं.

चार्वाक_ठाणेकर

तेही मेंदूच. पण असो, या वादात ताईंचा प्रश्न राहून जाईल.

रबाळे_लोकल

दोघांना विनंती, धाग्याचं कुरुक्षेत्र करू नका. झालंच तर निदान गीता तरी सांगा :)

पारसिकची_वाट

मी बेलापूरला राहते. माझे आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरात धम्म होता पण ध्यान नव्हतं. वंदना, पौर्णिमा, १४ एप्रिल, ऐरोलीच्या स्मारकात जाणं, वाचन, चळवळ हे सगळं होतं. बसायला मी शिकले ते नोकरी लागल्यावर, पारसिक हिलवरच्या विपश्यना केंद्रात. पहाटे चारला घंटा. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना. बोलायचं नाही, फोन नाही. फी नाही, शेवटी ज्याला जे द्यायचं ते दान.

ताई, तुमच्या प्रश्नाला आमच्या परंपरेत फार नेमकं उत्तर आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार. यातली उपेक्षा म्हणजे समता. मराठीत आपण उपेक्षा दुर्लक्ष करण्याला म्हणतो, तो अर्थ इथे नाही. बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात प्रत्येकाचा एक जवळचा शत्रू आणि एक लांबचा शत्रू सांगितलाय. समतेचे लांबचे शत्रू म्हणजे लोभ आणि द्वेष, ते लगेच ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ती समतेच्या शेजारीच राहते आणि तिच्यासारखीच दिसते, म्हणून घरात शिरलेली कळत नाही. म्हणजे तुम्ही विचारताय तो प्रश्न साधना करणाऱ्यांना दीड हजार वर्षांपूर्वीही पडत होता. पडतोय हे चांगलंच लक्षण आहे.

मी काय करते ते सांगते. 'मला आता काही फरक पडत नाही' असं वाटलं की लगेच शरीराकडे बघते. जबडा, खांदे, पोट. तिथे काय चाललंय? मन खोटं सांगू शकतं, पोट सहसा सांगत नाही. पुढच्या वेळी 'बरं' म्हणाल तेव्हा एकदा बघा.

एक सूचना मात्र. सध्या घरी जे चाललंय ते पाहता लगेच दहा दिवसांचं शिबिर करा असं मी सांगणार नाही. मन फार ताणलेलं असताना इतका वेळ मौनात बसणं काहींना झेपत नाही. फॉर्ममध्ये आजारांची माहिती विचारतात, ती खरी भरावी.

अनघड

'जवळचा शत्रू' हे पहिल्यांदा ऐकलं. बराच वेळ त्यावरच विचार करतोय.

कळव्याचा_पोर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी त्या मुलीच्या जागी होतो.

मी नववीत असताना बाबा एका सत्संगाला लागले. नाव घेत नाही. आधी दर रविवारी, मग रोज. सुरुवातीला बरं वाटलं, कारण दारू सुटली, ओरडणं बंद झालं. आई देवाचे आभार मानायची. पण हळूहळू बाबा आमच्यातून उठूनच गेले. दहावीचा निकाल दाखवला तर म्हणाले, सगळं त्याच्या इच्छेने होतं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांशी मी बोललो, मी तेव्हा अकरावीत. बाबा बाहेरच्या बाकावर माळ ओढत शांत बसले होते. लोक म्हणायचे, काय स्थितप्रज्ञ माणूस आहे.

मला त्यांच्या शांततेचा अजून राग येतो. ओरडणारे बाबा निदान आमच्याकडे बघून ओरडायचे.

मोगराकाकू, तुम्ही तशा आहात असं मला म्हणायचं नाही. सासूबाईंचं तुम्ही करताय ते वाचून तर उलटंच वाटलं. पण मुलीने जे तोंडाने सांगितलं ते मला कधी बाबांना सांगता आलं नाही. तिने सांगितलंय. ते धरून ठेवा.

मोगरा_घोडबंदर

@कळव्याचा_पोर, तुझी पोस्ट दोनदा वाचली. ऑफिसात बसून वाचली आणि डोळे भरून आले. म्हणजे अगदीच सुन्न झालेले नाही म्हणायचं.

@पारसिकची_वाट, शरीराकडे बघायचं लक्षात ठेवते. सगळ्यांचे आभार, लिहीत राहा.

टाळकरी

रामकृष्ण हरी मंडळी. मी ऐरोलीला असतो, रिटायर झालो. नोकरी व्हीटीला होती आणि आयुष्य मध्य रेल्वेच्या भजनाच्या डब्यात गेलं. गाडी ठाण्याहून सुटली की हरिपाठ धरायचा आणि दादरच्या आत गजर संपवायचा. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून टाळ वाजवलाय. त्या गर्दीत कुणाचा हात कुठला तेच कळायचं नाही. एकदा असंच वाजवता वाजवता टाळ कोण वाजवतोय तेच कळेना. मुलुंड गेलं, घाटकोपर गेलं, मी होतो आणि नव्हतो. मोगराताईंनी बसचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला, कारण हे मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

ओवीबद्ध माउलींनी गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली, मी मुक्ताईचीच दुसरी सांगतो. ज्ञानेश्वर माउलींचा लोकांनी अपमान केला. माउली खिन्न झाले, झोपडीत जाऊन ताटी लावून बसले. ज्ञानी पुरुष, वयाने मोठे भाऊ. मुक्ताई सगळ्यांत धाकटी. ती दाराबाहेर उभी राहून विनवते, ताटी उघडा. तेच ताटीचे अभंग. ती त्यांना सांगते की संत म्हणवणाऱ्याने जगाचे बोल सोसायचे असतात, जग आगीसारखं झालं तर आपण पाणी व्हायचं. आणि माउली ताटी उघडतात. पुढे जगासाठी त्यांनी काय मागितलं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

ताई, मला यातलं काय भावतं सांगू? माउलींना ताटी उघडायला सांगणारं घरातलंच लेकरू होतं. तुमच्या घरीही तेच झालंय. अध्यात्मातलं मला फार कळत नाही, पण तुमची लेक दाराशी उभी आहे एवढं कळतं.

ओवीबद्ध

टाळकरी माउली, दंडवत _/\_

घणसोली_सेक्टर९

थोडं अवांतर. भजन डब्यातल्या मंडळींबद्दल आदर आहे, पण रात्रपाळी करून परतणाऱ्याला सकाळी कानाशी टाळ वाजले की काय होतं ते मी भोगलंय. एकाची समाधी लागते तेव्हा शेजारच्याची झोपमोड होत असते. जागेच्या बाबतीतही हेच, भजनवाल्यांची सीट म्हणून आम्हाला उठवायचे.

टाळकरी

@घणसोली_सेक्टर९, तुमचं म्हणणं रास्त आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद झालेले आहेत. सीट धरून ठेवणं मला कधीच पटलं नाही. आमच्यातले एक जण रोज स्वतः उठून कुणालातरी जागा द्यायचे आणि उभ्याने म्हणायचे. मला विचाराल तर त्या डब्यातले खरे वारकरी ते.

रबाळे_लोकल

हे ट्रान्सहार्बरवाल्यांचं दुःख वेगळंच. आमच्या गाडीत भजन नाही, फक्त रिल्स. हेडफोनशिवाय.

चार्वाक_ठाणेकर

या एका मुद्द्यावर आस्तिक-नास्तिक सगळे एक होतील :)

खेतवाडी_ते_खारघर

गुरू हवा की नको आणि संसार सोडायचा की नाही, यावर एक जवळचं उदाहरण.

आमचं बालपण गिरगावात गेलं, आता खारघरला आहे. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहायचे. मूळ नाव मारुती कांबळी, जन्म १८९७. विड्यांचं दुकान चालवायचे, बायकामुलं होती. घराच्या पोटमाळ्यावर मराठीतून बोलायचे आणि जगभरातून लोक येऊन ऐकायचे. गुरू होते सिद्धरामेश्वर महाराज. त्यांनी सांगितलं, 'मी आहे' या जाणिवेवर राहा, बाकी काही करू नकोस. यांनी तेवढंच धरलं. १९३६ मध्ये गुरू गेले. त्यानंतर ते सगळं सोडून भटकायला निघाले होते. वाटेत एका गुरुबंधूंशी बोलणं झालं आणि घरी राहून हेच अधिक चांगलं होईल असं पटलं. मुंबईला परत आले, पुन्हा धंदा, पुन्हा संसार. १९८१ मध्ये गेले ते त्याच घरात.

म्हणजे ओवीबद्ध म्हणतात तसे गुरू होते, पण त्यांच्याबरोबरचा काळ थोडकाच, आणि बाकीचं सगळं दुकानाच्या गल्ल्यावर बसून. समर्थांनीही दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या सुरुवातीलाच आधी प्रपंच नेटका करायला सांगितलाय. सोडायला नाही.

मनमोकळी

मी समुपदेशक आहे, ठाण्यातच काम करते. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, तसं करणं योग्यही नाही. पण मोगराताईंनी मूळ प्रश्न फार नेमका विचारलाय आणि त्याची एक बाजू अजून कुणी मांडली नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त आढळतं. ते नेहमी रडण्याच्या रूपात येत नाही. बरेचदा सपाटपणा येतो. काही वाटेनासं होतं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींची चव जाते, आपण काचेपलीकडून जग बघतोय असं वाटतं. त्याला कुणी वैराग्य म्हणतं आणि वर्ष-दोन वर्षं तशीच जातात. त्यात पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाण्याच्या सुमाराचे बदल असतात, थायरॉइड असतं, शाकाहारी असाल तर बी-१२ ची कमतरता अगदी नेहमीची. यातलं काहीही माणसाला उदास आणि अलिप्त करू शकतं. म्हणून आधी रक्त तपासा. त्याने अनुभवाचा अपमान होत नाही.

मी सहसा हे विचारते: झोप कशी आहे? भूक? भिशीचा कंटाळा आला ठीक, पण जे खरंच आवडायचं ते आवडतंय का? गाणं ऐकताना, पावसात, चहा पिताना आत काही हलतं का? जगू नये असं मनात येतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन बसलेलं असेल तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि जाग आलेल्या माणसालाही बी-१२ कमी असू शकतं. यातलं एकच काहीतरी खरं असेल असं धरून चालू नका.

चार्वाक_ठाणेकर

आत्तापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद.

अनघड

मनमोकळी, काळजी घेणाऱ्यांना सुट्टी मिळावी म्हणून काय करता येतं?

मनमोकळी

@अनघड, आपल्याकडे सोयी कमी आहेत. पण पहिला उपाय घरातच असतो. बहुतेक घरांत एकच बाई सगळं करते आणि बाकीचे 'तिलाच जमतं' म्हणून मोकळे होतात. नणंद, दीर, नवरा यांच्यात दिवस वाटून घ्यायचे, आणि मागायला लाजायचं नाही. आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण स्वतःचा मिळाला तरी फरक पडतो.

पाणथळ

मला अध्यात्मातलं काही बोलता येत नाही. पण अर्धा दिवस मिळाला तर तो कुठे घालवायचा ते सांगू शकतो. हिवाळ्यापासून मेपर्यंत सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीवर रोहित (फ्लेमिंगो) येतात. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलात चरतात, भरती आली की या तळ्यांवर येऊन उभे राहतात, म्हणून भरतीची वेळ बघून जा. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. तरी नेरूळच्या तळ्यांसाठी दर वर्षी भांडावं लागतं. मुलीला घेऊन जा.

घणसोली_सेक्टर९

येऊरही आहे की, कासारवडवलीहून जवळ. पहाटे गेटपाशी चालणारे खूप असतात. फक्त रविवारी नको.

आजी_नौपाडा

मोगरा, तुला एकेरी हाक मारते, माझ्या सुनेच्या वयाची आहेस. नातवाने हा धागा वाचून दाखवला आणि मीच म्हटलं, मला लिहायचंय. तो टाइप करतोय.

आमच्या काळी याला काही नाव नव्हतं. माझ्या सासूबाई जात्यावर बसल्या की त्यांना भान नसायचं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, दळण चाललंय. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण शेजारी कुणाला बाळंतकळा लागल्या तर जातं टाकून धावणाऱ्या पहिल्या त्याच.

मी पन्नास-एक वर्षं गीतेचा बारावा अध्याय म्हणते. लहान आहे, वीसच श्लोक, आमच्या भगिनी मंडळात सगळ्यांना पाठ. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. सुखदुःखात सारखा, अपेक्षा नसलेला, उदासीन हे सगळं आहे त्यात. पण सुरुवात कशाने होते बघ. कुणाचा द्वेष नाही, मैत्री आहे, करुणा आहे. ते आधी. उदासीन हा शब्द बराच पुढे येतो. म्हणजे आधी माया वाढायला हवी, मग अलिप्तपणा शोभतो. नुसताच अलिप्तपणा आला असेल तर आपण मधली पायरी गाळली का ते बघावं.

तुझी सासूबाईंवरची माया वाढली आहे, ते तूच लिहिलंयस. मग लेकीच्या बाबतीत कुठे अडतंय? आमच्यासारख्यांना विचारण्यापेक्षा तिलाच विचार की, मी नक्की कधी नसते गं? खोदून विचार. मुलं सांगतात.

पारसिकची_वाट

आजी, साधू साधू साधू. तुमची मैत्री-करुणा आणि आमचे ब्रह्मविहार एकाच गावचे निघाले.

खेतवाडी_ते_खारघर

आजींना आणि टंकलेखक नातवाला नमस्कार.

अनघड

धागा वर काढतोय. मोगराताई, पुढे काय झालं? सांगण्यासारखं असेल तरच.

मोगरा_घोडबंदर

उशिरा लिहितेय. वेळ घेऊन लिहायचं होतं.

रक्त तपासलं. बी-१२ बरंच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आहेत. थायरॉइड ठीक आहे. डॉक्टरांनी मनाबद्दलही सगळं विचारलं, मी मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या मते तूर्त औषधाची गरज नाही, महिन्याने पुन्हा बोलावलंय. नणंदेशी बोलले. ती एक रविवार आड येऊन सासूबाईंजवळ थांबते आहे. "वहिनी, तू कधी बोललीच नाहीस" म्हणाली.

आता मुख्य. आजींनी सांगितलं तसं मुलीला विचारलं. ती आधी उडवाउडवी करत होती. मग म्हणाली, "तू आजीजवळ असताना असतेस. माझ्याशी बोलताना नसतेस. मी पुढच्या शिक्षणाला बंगळुरूला जायचं म्हटलं तेव्हा तू 'बरं' म्हणालीस आणि भांडी आवरायला गेलीस. मला वाटलं होतं रडशील, नाहीतर भांडशील तरी."

ते ऐकताना मी पोटाकडे बघितलं. आवळलेलं होतं. दात एकावर एक घट्ट. आणि लक्षात आलं की तेव्हाही तसंच होतं. ती जाणार हे मला सहन होत नव्हतं आणि मी ते 'बरं' खाली दाबून टाकलं होतं. नवऱ्याशीही असंच होतं, पैशांचा विषय निघाला की.

बसमध्ये जे झालं त्यात आवळलेलं काहीच नव्हतं. सासूबाईंचं अंग पुसताना नसतं. तिथे मला त्यांचा आवाज नीट ऐकू येतो, त्यांचा हात गार आहे की गरम ते कळतं. 'बरं' म्हणते तेव्हा समोरचा काय बोलला ते पाच मिनिटांनी विचारलंत तर सांगता येणार नाही. माझ्यात दोन्ही आहेत, दोन्ही बाहेरून सारखीच शांत दिसतात. आतून ओळखू येतात. मला माझ्या प्रश्नाचं एवढं उत्तर मिळालं, ते इथे ठेवते, कदाचित कुणाला उपयोगी पडेल.

मुलीजवळ रडले. तिला म्हटलं, जा, पण मला फार जड जाणार आहे. तीही रडली. मग आम्ही रात्री एक वाजता पोहे केले.

गुरूचं अजून ठरलेलं नाही. आईची जुनी ज्ञानेश्वरी काढली आहे, बाराव्या अध्यायापासून सुरुवात केली. रोज थोड्या ओव्या, सासूबाईंजवळ बसून मोठ्याने. त्यांना किती समजतं माहीत नाही, पण ओवी संपली की त्या मान डोलावतात.

ओवीबद्ध

गुरूबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण पोट आवळलेलं आहे का हे बघायचं मलाही कुणी सांगितलं नव्हतं. ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी अडली तर विचारा, आनंदाने सांगेन.

टाळकरी

ताटी उघडली म्हणायची. रामकृष्ण हरी.

कळव्याचा_पोर

काकू, खूप बरं वाटलं वाचून. आता माझा प्रश्न, कुणीही उत्तर द्या. बाबा आता सत्तरीत आहेत, अजून रोज सत्संगाला जातात. त्यांच्याशी हे कसं बोलायचं? भांडण न होता.

मनमोकळी

@कळव्याचा_पोर, त्यांच्या सत्संगाबद्दल बोलू नकोस. अकरावीतल्या त्या दिवसाबद्दल बोल. आई आत होती, मी एकटा डॉक्टरांशी बोलत होतो, मला भीती वाटत होती. तुझं वाक्य तिथेच संपव. 'तुम्ही का नाही' असं पुढे जोडलंस की ते बचाव करायला लागतील.

आजी_नौपाडा

आणि त्यांना काहीतरी काम सांग रे. बँकेत बरोबर चला, भाजी आणायला चला, काहीही. आमच्या वयाला कुणी काम सांगितलं की बरं वाटतं. दोघं चालत असलात की बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

कळव्याचा_पोर

आजी, त्यांच्या हयातीच्या दाखल्याचं काम आहे खरं. त्यांना घेऊन मीच जातो, आणि येताना चालत येऊ.